न सापडलेल्या बिघाडाचे दहा रुपये

यवतमाळ जिल्ह्याबद्दल लिहायचे तर पळसाबद्दल लिही, सोल्यांच्या भाजीबद्दल लिही, मिस्त्रीबद्दल लिहू नकोस, असे मामांनी मला बजावले आहे. पुण्याच्या वाचकाला वऱ्हाड म्हणजे कापूस आणि ऊन एवढेच ठाऊक असते, त्याला थोडे रान दाखव, असे त्यांचे म्हणणे. रान मी दाखवीन. पण त्या रानाच्या रस्त्यावर माझ्या हातून एका माणसाचे नुकसान झाले. ते गाळून उरलेला प्रवास लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा कागद फाडले.

माझ्याबद्दल एवढे सांगितले पाहिजे की आमचा पुण्यातला छापखाना दीड खोलीचा. लग्नपत्रिकांवर घर चाले आणि कामगारांच्या पत्रकांवर वडिलांचे मन. मी मुळाक्षरे पाटीवर शिकलो नाही. ओल्या शाईच्या पत्रकांवर शिकलो. गरम दुधाला फुंकर मारावी तशी ती फुंकर मारून वाळवायची आणि वाचायची. विसाव्या वर्षी मी स्वतःची पुस्तिका छापली. सोळा पाने, ‘घामाचा भाव’. या प्रवासातही तिच्या चाळीस प्रती माझ्या पिशवीत होत्या.

मामा नागपूरचे, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी एक जुनी विलायती मोटार कोणाकडून तरी स्वस्तात घेतली होती आणि तिचा त्यांना फार लळा. त्यांचे मित्र पाटणबोरीच्या पलीकडे जंगलात रेंजर होते. त्यांच्याकडे दोन दिवस राहायचे, पैनगंगा पाहायची आणि परत यायचे, असा बेत. गाडी मी हाकणार होतो. महाराष्ट्र राज्य होऊन अजून वर्ष झाले नव्हते. फाल्गुन नुकता लागला होता.

पहिला दिवस : हिंगणघाट, करंजी, पांढरकवडा

हिंगणघाटला चहासाठी थांबलो तेव्हा मामांनी नाकाला रुमाल लावला होता. खड्ड्यांतून जाताना टाकीतले पेट्रोल हिंदकळे आणि झाकणाच्या बारीक भोकातून थोडे थोडे बाहेर येई. त्या वासाने त्यांना मळमळत होते. टाकी गळू लागली की ड्रायव्हर लोक तिला साबण चोळतात, हे मी कुठेतरी ऐकले होते. धर्मशाळेच्या नळावर कुणाची तरी साबणाची चिपटी पडली होती. ती घेऊन मी भोकात बसवली, अंगठ्याने दाबली, वर पुन्हा चोळली. वास थांबला. मामा म्हणाले, पुण्याच्या पोरांना हात असतात हे आज समजले.

पुढचा रस्ता सुंदर. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या पळाट्या, मध्ये तुरीचे ढीग, आणि जमीन काळी, पुण्याकडे शाळेची पाटीसुद्धा इतकी काळी नसते. करंजीच्या आधी पळस सुरू झाला. पान नाही, नुसती फुले. एकटे झाड शोभेचे वाटते. असे मैलभर पाहिले की थोडी भीती वाटते.

करंजी ओलांडल्यावर गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. हँडल मारून माझे खांदे भरून आले. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, सहा-सात मैल चालली आणि पुन्हा थांबली. कापसाची गाडी घेऊन जाणारा एक म्हातारा शेतकरी बैल थांबवून बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने मामांना विचारले, “गुरुजी, इले कडबा टाकला नाही काय सकाळपासून?” मामांना ते इतके आवडले की पुढे दोन दिवस ते मोटारीला कडबा घालण्याबद्दल बोलत होते.

तिसऱ्यांदा थांबलो ते पांढरकवड्याच्या वेशीशी. ट्रकवाल्यांनी सांगितले, निंबाखाली सुखदेव मिस्त्री बसतो, त्याला दाखवा. सुखदेव हे त्याचे खरे नाव नव्हे, एवढे बदलणे माझ्या हातात आहे.

निंबाखाली म्हणजे खरोखरच निंबाखाली. एक पेटी, नटबोल्टांचा एक डबा, दोन लाकडी ओंडके, आणि फांदीला साखळीने टांगलेली कप्पी. पलीकडे त्याचे कुडाचे घर. पस्तिशीचा, सडपातळ, हात कोपरापर्यंत काळे आणि सदरा मात्र स्वच्छ. त्याने आधी पाणी विचारले. पुण्यात आमच्या ओळखीचा गॅरेजवाला आधी सांगतो, बॉनेट उघडण्याचे दोन रुपये, बिघाड दिसो न दिसो. इथे त्याच्या बायकोने तांब्या आणि दोन पेले आणून ठेवले. तो बौद्ध असल्याचे मामांना वेशीवरच कोणीतरी सांगितले होते. मामा सरळ माणूस. तहान होती तेवढे पाणी ते प्याले. मी मुद्दाम दोन पेले प्यालो, सगळ्यांना दिसेल असे. तहान एकाच पेल्याची होती.

तीन वाजल्यापासून ऊन उतरेपर्यंत सुखदेवने ती गाडी उलगडली. पेट्रोलचा पंप खोलला, नळी फुंकली, कार्बोरेटर धुतला, ठिणगी पाहिली. हात चालत असताना तो फार बोलत नसे, पण आपल्या कामाचे तेवढे बोलला. पावसाळ्याचे चार महिने झाडाखाली काम होत नाही. त्या महिन्यांत घर बायकोच्या मजुरीवर चालते. यवतमाळला एका जिनिंगच्या कारखान्यात फिटरची पक्की जागा निघाली होती. वर पत्रा, महिन्याला पगार. परवा सकाळी आठ वाजता तिथे हाताच्या कामाची परीक्षा होती. उद्या दुपारच्या एस. टी. मोटारीने तो जाणार होता, रात्री साळ्याकडे उतरणार होता. बायकोने सदरा धुऊन ठेवला होता. अंगातला उतरवून तो घालायचा, एवढेच राहिले होते.

टाकीत पेट्रोल किती आहे हे काडी घालून पाहायला त्याने सांगितले, तेव्हा झाकण मीच काढले आणि हातात धरून उभा राहिलो. त्याने विचारले, गाडीत काही फेरबदल केला काय? मी नाही म्हणालो. साबण हा फेरबदल आहे असे माझ्या मनातही आले नाही.

शेवटी त्याने गाडी सुरू केली, गावाभोवती दोन फेऱ्या मारल्या, आणि उतरून हात पुसत म्हणाला, “चालून राह्यली. पण कायले बंद पडत होती थे मले समजलं नाही. उद्या थांबून पाहलं असतं, पण मले जा लागते.”

मामांनी पाकीट काढले. तो मान हलवू लागला. खोट सापडली नाही, त्याचे पैसे तो घेत नाही. सापडली असती तरी रीत अशी होती: गाडी पोचली की पोचल्या गावाहून कोणत्याही ट्रकवाल्याच्या हाती पैसे पाठवायचे. नाही पोचली तर पाठवायचे नाहीत. या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर असेच पाठवतात, आणि आजवर कोणी बुडवले नाहीत, म्हणाला.

माझ्या पुस्तिकेचे तिसरे प्रकरण नेमके या विषयावर होते. मी त्याला समजावू लागलो. तीन तास तुमचा घाम गेला. घामाला भाव आहे. फळ मिळो न मिळो, श्रमाची किंमत द्यायलाच हवी. डॉक्टर रोगी दगावला तरी फी घेतो की नाही? तो हसला. डॉक्टरच्या हातून म्हातारा मेला तर लोक नशीब म्हणतात, आणि माझ्या हातची गाडी बंद पडली तर नशीब म्हणत नाहीत, आईबापावरून बोलतात, असे त्याचे उत्तर. मामा हसले. मी हसलो नाही. मी म्हणालो, हे तुमच्या हक्काचे आहे, नको म्हणणे हा तुमच्या साऱ्या वर्गावर अन्याय आहे.

तेव्हा तो ओंडक्यावर बसला आणि सावकाश बोलला.

“भाऊ, माह्या बापानं गावाचं काम केलं आन् मोबदला म्हणून जे भेटलं थे दान म्हणून भेटलं. वरून टाकलेलं. काम नसलं तवाही हात पुढंच करा लागे. धम्म घेतला त्या रोजी मी मनाशी ठरवलं, केल्या कामाचे घेईन, छाती वर करून घेईन. न केल्याचे कोनी देल्ले तरी घेनार नाही. आता तुमी सांगा, आज मी काय केलं?”

मी वाद थांबवला, पण हरलो असे मानले नाही.

रात्रीचे जेवण खानावळीत झाले. सोले म्हणजे ओल्या तुरीचे दाणे. ते घालून केलेली वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि वर कच्चे तेल. आमच्याकडे तेल असे वरून घेतात ते फक्त लोणच्यावर. मामांनी तीन भाकरी खाल्ल्या. मी सुखदेवच्या नकाराचाच विचार करत होतो.

दुसरा दिवस : पाटणबोरीच्या अलीकडे

सकाळी निघताना मी निंबापाशी गाडी थांबवली. सुखदेव नदीकडे गेला होता. दहा रुपयांची नोट मी ‘घामाचा भाव’च्या एका प्रतीत घडी करून ठेवली आणि ती प्रत नटबोल्टांच्या डब्यात, वरच्या थराखाली, सरकवली. मामा म्हणाले, अरे, तो नको म्हणाला ना? मी म्हणालो, मामा, संकोच हा गुलामीचा अवशेष असतो. मला ते वाक्य आवडले. तेव्हा मी खरोखर आनंदात होतो.

पांढरकवड्याहून दक्षिणेचा रस्ता सागाच्या रानातून जातो. सकाळच्या उन्हात सागाची वाळलेली पाने तव्यावरच्या पापडासारखी वाजतात. नऊ मैल गाडी छान चालली. दहाव्या मैलावर तिने दोन आचके दिले.

या वेळी अर्ध्या तासाने ती सुरू झाली ती जेमतेम फर्लांगभर जाऊन पुन्हा थांबली. ऊन चढले. जवळच कोलामांचे पोड, म्हणजे त्यांची छोटी वस्ती होती. तिथून एक म्हातारी बाई आली, तिने भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी दिले आणि ओंजळभर बोरे मामांच्या टोपीत ओतली. भाषा आम्हाला एकमेकांची कळत नव्हती. ती मोटारीला हात लावून काहीतरी म्हणाली आणि मान हलवली. मामांच्या मते तीही कडब्याचेच सांगत होती.

मग पांढरकवड्याकडे जाणारा सागाच्या लाकडांचा एक ट्रक आला. ड्रायव्हरने थांबून विचारपूस केली. गाडी कोणी पाहिली होती, असे विचारताच मी सुखदेवचे नाव सांगितले. आणि पुढे जे म्हणालो ते माझ्या तोंडचे आहे हे मला आजही खरे वाटत नाही. मी म्हणालो, “दहा रुपये मोजले आहेत हो त्याला.”

काल ज्या पैशाला मी श्रमाची किंमत म्हणत होतो, तोच पैसा दिल्यावर दहा मैलांत मी गिऱ्हाईक झालो होतो. ड्रायव्हर म्हणाला, सांगतो त्याला. सुखदेवला आज यवतमाळला जायचे आहे, त्याला काही सांगू नका, असे म्हणायला मला एक वाक्य पुरले असते. ते मला सुचले नाही असे नाही. सुचले, आणि उन्हाने आणि रागाने मी ते गिळले.

पुढचे मला सुखदेवने सांगितले. ड्रायव्हरने चहाच्या दुकानासमोर, दहा लोकांत, हाक मारून निरोप दिला: मिस्त्री, दस रुपये लेके गाडी ऐसी बनाई? सुखदेव हातात पिशवी घेऊन मोटारीची वाट पाहत उभा होता. अंगात धुतलेला सदरा होता. तो म्हणाला, मी एक पैसा घेतला नाही. लोक हसले. रागाने तो डब्यापाशी गेला, मला दाखवा कुठे आहेत ते दहा रुपये, असे म्हणून त्याने डबा जमिनीवर ओतला, आणि माझी पुस्तिका सगळ्यांसमोर उघडी पडली.

दीड वाजता तो एका रिकाम्या ट्रकमधून आमच्यापाशी उतरला. पिशवीत हत्यारे होती. यवतमाळची दुपारची मोटार गेली होती, चारची अजून जायची होती. त्याने नमस्कार केला नाही की रागही दाखवला नाही. नोट मामांच्या हातात ठेवली, पुस्तिका माझ्या हातात. “वाचली,” म्हणाला. “चांगली हाय.” आणि बॉनेट उघडले.

मी त्याला म्हणालो, तुम्ही परत जा, परीक्षा चुकेल. तो म्हणाला, दहा लोकांनी पाहलं का माह्या डब्यात पैसे होते. आता ही गाडी चालल्याबिगर मले कुठी जाता येत नाही.

सायंकाळपर्यंत पुन्हा तेच. सगळे ठीक, आणि गाडी थांबतेच. शेवटी त्याने मला गाडी चालवायला लावली आणि स्वतः मागच्या बाजूला, टपावर हात ठेवून, दाराखालच्या फळीवर उभा राहिला. आचका आला तसा तो उडी मारून उतरला आणि पळत जाऊन टाकीचे झाकण फिरवले. आत हवा शिरल्याचा लांब ‘सूं’ असा आवाज मला पुढे बसून ऐकू आला. त्याने झाकण उलटे केले, नखाने भोक खरवडले, नख नाकाशी नेले.

“हे कोनं केलं?”

मी, म्हणालो.

तो हसत सुटला. रागावला असता तर मला बरे वाटले असते. टाकीतून पेट्रोल जाते तेवढी हवा आत यावी लागते. ती यायला ते भोक. मी ते बुजवले होते. झाकण काढले की गाडी सुरू, लावले की काही मैलांनी गळा दाबलेला. काल झाकण काढून हातात धरून उभा राहिलो होतो तो मीच. मामांनी माझ्याकडे पाहिले, आणि वासाची तक्रार आपलीच होती हे आठवून त्यांनी नजर खाली घातली.

मी तेव्हाच विचारले, याचे किती द्यायचे. “साबन काढल्याचे तीन रुपये,” तो म्हणाला. “पण हेच होतं का दुसरंही काही हाय, थे गाडी पोचल्यावर. आता नाही.”

अंधार पडता पडता पांढरकवड्याला पोचलो. चारची मोटार केव्हाच गेली होती. रात्री सरकीचा एक ट्रक यवतमाळला जाणार होता. सुखदेव त्यावर बसायला निघाला. मी त्याला जाऊ दिले नाही. आमच्या गाडीचे दिवे अधू होते, रात्री निघणे शक्य नव्हते, पण उजाडताच निघू, आठच्या आत कारखान्याच्या दारात उतरवतो, माझ्या चुकीची एवढी तरी भरपाई करू द्या, असा मी हट्ट धरला. त्याची बायको दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, “ट्रकनं गेलं त बरं होईल.” मामाही तेच म्हणाले. माझ्या आवाजाचा जोर जास्त होता.

तिसरा दिवस : यवतमाळ

मोहद्यापर्यंत सूर्य वर आला. गाडी एकदाही अडखळली नाही. सुखदेव पुढे बसला होता. आदल्या दिवशीच्या कामात सदऱ्यावर ऑइलचे डाग पडले होते. ते झाकावे म्हणून तो एक हात छातीवर घेऊन बसला होता. जोडमोह्याच्या पुढे टेकड्या लागतात आणि पळस पुन्हा सुरू होतो. मामा दाखवत होते. आम्ही कोणी पाहत नव्हतो.

यवतमाळ तीन मैलांवर राहिले आणि कापसाच्या गाड्या लागल्या. ज्याने त्या मोसमात तो रस्ता पाहिला नाही त्याला कल्पना येणार नाही. जिनिंगच्या फाटकापासून गावाबाहेरपर्यंत एकामागे एक बैलगाड्या, कापूस वर गादीसारखा रचलेला, गाडीवान वर निजलेले. भोंगा वाजवला की बैल बुजतात. मी दोनदा वाजवला, तेव्हा एका गाडीवानाने डोळे न उघडता विचारले, “काहून बाप्पा, तुया घरी आग लागली काय?” सुखदेव उतरून पुढे चालू लागला, बैलांना हाताने बाजूला सारत, आम्ही मागून. कारखान्यात पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते.

मॅनेजर वर्कशॉपच्या दाराबाहेर उभा होता. धोतर, बंद गळ्याचा कोट, भुवयांवर कापसाचे तंतू. सुखदेवने उशीर झाल्याचे दोन वाक्यांत सांगितले. आमच्यावर काहीच ढकलले नाही. वाटेत गाडीचे काम निघाले, एवढेच. मॅनेजरने त्याच्या हातांकडे पाहिले, सदऱ्यावरच्या डागांकडे पाहिले. त्याला ते डाग आवडले असावेत. परीक्षा आटोपली होती. दोघे आले होते, दोघांनाही इंजिन चालू करता आले नव्हते. तो म्हणाला, “चार वाजता ये मिस्त्री. पाहू.”

“येतो साहेब,” सुखदेव म्हणाला आणि वळला. त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते मी पाहिले. इतक्यावर सगळे मिटले होते.

मला ते पुरेसे वाटले नाही. ‘पाहू’ हा शब्द मला लागला. ज्या माणसाने परक्याच्या गाडीसाठी आपली परीक्षा सोडली त्याला दारातून ‘पाहू’ म्हणून परत पाठवायचे? मी पुढे झालो. काय बोललो ते सगळे इथे लिहीत नाही. ‘घामाचा भाव’चे पाचवे प्रकरण आणि थोडे सहावे. मॅनेजर शांतपणे ऐकत होता. त्या शांतपणाने मी आणखी पेटलो. आणि शेवटी म्हणालो की हा माणूस बौद्ध आहे म्हणूनच याला उंबऱ्याबाहेर उभे करून बोलता आहात, हे मी पुण्याच्या वर्तमानपत्रांत छापीन.

उंबऱ्याबाहेर आम्ही तिघेही उभे होतो. मॅनेजरही.

मॅनेजरने सुखदेवकडे पुन्हा पाहिले, पहिल्यांदाच पाहावे तसे. मग माझ्याकडे. मग म्हणाला, “जागा भरली असं समजा.” आणि आत गेला.

मी या प्रसंगाचा खूप विचार केला आहे. त्याला सुखदेवची जात कळली म्हणून त्याने दार लावले, की मागे पत्रकवाला असलेला कामगार नको म्हणून, की उगाच अपमान झाला म्हणून? दहा रुपये डब्यात ठेवले नसते तर? त्या ड्रायव्हरला एक वाक्य बोललो असतो तर? ट्रकने जाऊ दिले असते तर? नेमका बिघाड कुठला ते मला आजही सांगता येत नाही. एवढे खरे की सगळ्या ठिकाणी हात माझा होता.

एस. टी. स्टँडपर्यंत त्याला सोडले. मामा गाडीतच बसून राहिले. पांढरकवड्याची गाडी लागली होती. मी पाकीट काढले, त्यातून तीसेक रुपये निघाले ते सगळे पुढे केले. त्याने त्यातले तीन घेतले. गाडी पोचली होती.

“तुमी बोलले थे खोटं नव्हतं साहेब,” तो म्हणाला. दोन दिवस तो मला भाऊ म्हणत होता. “असं होते. लय वेळा होते. पण थे माहं होतं. बोलाचं का नाही, कवा बोलाचं, थे माहं होतं.”

मग तो आत जाऊन खिडकीशी बसला. आता पावसाळ्याला तीन-साडेतीन महिने होते. मी खिडकीखाली उभा राहिलो. सोळा पाने लिहिणाऱ्या मला दोन शब्द बोलायचे होते. शेजारी कोणी संत्र्यांच्या टोपल्या चढवत होते. त्यांना वाट द्यावी म्हणून मी बाजूला झालो, आणि बाजूला होता होता चालू लागलो.

गाडीपाशी आलो. मामांनी दार उघडून धरले होते.

“माफी मागितलीस?”

“वेळच मिळाला नाही,” मी म्हणालो. “एस. टी. सुटली.”

मामांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिले. एस. टी. तिथेच उभी होती. ड्रायव्हर अजून चहाच्या दुकानात बसून बशीत चहा ओतत होता. मी आत बसलो आणि गाडी सुरू केली.